कॉलेजची माती आपल्या अंगणात

चामोर्शी,
ऑक्टोबर १९८६

प्रिय गुलाब,

सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. लटारूमामाच्या हाती तू निरोप पाठवलास, मी बरा आहे, काळजी करू नका. काळजी करू नका असं ज्याला सांगावं लागतं, त्याचीच आईला जास्त काळजी वाटते. धानोऱ्याला मामाच्या गोदामात मोहाची पोती उचलतोस असं कळलं. उचल बाबा. पण पोतं काही उलटून तुझा पाय धरत नाही, तेव्हा अंग तेवढं वाढेल आणि हात डाव विसरतील. इकडे सगळं ठीक आहे. धान निसवायला लागलाय, शेताजवळच्या बोडीत अजून पाणी आहे. माझ्या शाळेत तपासणी होऊन गेली. साहेबांनी पोरांना पाढे विचारायचे सोडून माझ्या वर्गात चहाच जास्त घेतला.

तू गेलास त्या दिवशी मी रागावले होते. कॉलेजनं कुस्तीचं काम तुझ्या बाबांकडून काढून नव्या इंगोले सरांकडे दिलं, असं ऐकून तू सरांना सलामी न करताच आखाड्याबाहेर पडलास. ‘जिथी माह्या बाप नाई, तिथी मी पाय ठेवत नाई,’ असं सगळ्या पोरांसमोर म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी धानोऱ्याची एसटी धरलीस. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर, आणि हे शहाणपण! पण आज मनातलं सांगते. रागाच्या खाली मला फार बरं वाटलं होतं. बापासाठी एवढं सोडणारा पोरगा माझ्या पोटी आला, याबद्दल मी तुझे आभारच मानायला हवेत. तुझ्या बाबांनाही कळलं. ते विळ्याला धार लावत बसले. त्या विळ्यानं परवा मी कांदा चिरायला घेतला आणि बोटच कापून घेतलं.

नंतरचं तुला ठाऊक नाही. आखाड्यातला मातीचा हौदा रिकामा करून तिथं सिमेंटचा कोबा करायचा आणि वर कुस्तीची गादी टाकायची असं ठरलं. माती बागेत टाका, असा हुकूम निघाला. एके दिवशी मी शाळेतून येते तर दारात बैलबंडी उभी, वर ती माती, आणि बंडीशेजारी अनवाणी उभे इंगोले सर. चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या. म्हणाले, ‘वस्ताद, ह्या मातीत तुमचा घाम हाय जी. बागेत टाकाची माह्यी हिंमत नाई झाली.’ मी मनात म्हटलं, घाम यांचा असेल, ताक माझं आहे! तू लहानपणापासून पाहिलंयस ना. दर उन्हाळ्याच्या शेवटी माती नवी करायची म्हणून तुझे बाबा घरातलं ताक, हळद आणि गोडंतेल हंड्यानं उचलून न्यायचे आणि आपण महिनाभर कढीवाचून जेवायचो. माझी सगळी कढी त्या बंडीवर परत आली होती.

बाबांनी माती अंगणात उतरवून घेतली. पण गावाला काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी पहाटे सोमारीबाई टोपली घेऊन आली आणि ओसरी लिपायला म्हणून खुशाल भरून निघाली. तुझे बाबा तोंडात दात घासायची काडी तशीच ठेवून धावले. ‘सोमारीबाई, ते माती लिपाची नाई, कुस्तीची हाय!’ ती काय ऐकते? ‘माती मंजे माती. तुमची का सोन्याची हाय?’ इतक्या महिन्यांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि चुलीपाशी बसून पोटभर हसले. शेवटी अर्धी टोपली ओसरीला गेलीच. तिचा नातू आता रोज सकाळी लंगोट लावून आपल्या अंगणात येतो, त्याच्याबरोबर आणखी दोन-चार जण. बाबांनी रांजणाच्या बाजूला हौदा केलाय. मला कपडे वाळत घालायला जागा उरली नाही.

इंगोले सर मला आधी मुळीच आवडले नव्हते. वऱ्हाडातला किडकिडीत माणूस, गळ्यात शिट्टी. बाबाही पहिल्यांदा पाहून म्हणाले होते, ‘हा माणूस कुस्ती शिकवते का रेलगाडी सोडते?’ पण त्या दिवशी चहा पिताना त्यांनी तुझी चौकशी केली. संघातली तुझ्या वजनाची जागा त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. तुझ्या आखाड्यातला मुखरू रोज मागतो, हे रोज उद्यावर ढकलतात. निघताना बाबांच्या पायांना हात लावायला वाकले, तर बाबांनी त्यांना मध्येच धरलं आणि दोघंही क्षणभर जोड लागल्यासारखे अडकून उभे राहिले. मला दोघांचंही हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तू कॉलेजवर दात धरून आहेस. मी नाही धरू शकत. तुझे बाबा तुझ्याएवढे होते तेव्हा मंडईच्या जत्रेतल्या आमदंगलीत त्यांच्याशी जोड लावायला लोक कचरत. हरण्याची भीती हे एक कारण, आणि दुसरं तुला सांगायला नको. शड्डू ठोकून उभं राहायचं आणि समोर कोणी येत नाही म्हणून तसंच परत यायचं, हे त्यांनी किती वेळा सोसलं. त्याच माणसाला कॉलेजनं आखाडा दिला. ज्यांनी हातात हात दिला नाही, त्यांचीच पोरं आत येताना आधी मातीला आणि मग तुझ्या बाबांच्या पायांना हात लावू लागली. ‘देवराव’ म्हणणारं गाव ‘वस्ताद’ म्हणायला लागलं. हे उपकार मी जन्मात विसरणार नाही. असला आखाडा माणूस सुखासुखी सोडत नाही, एवढं फक्त लक्षात ठेव.

गेल्या हिवाळ्यातलं नागपूर आठवतं? तू आठवत नाही म्हणशील, पण झोपेत त्याबद्दलच बडबडायचास. गादीवरची कुस्ती, समोरचा पोरगा तुझ्या निम्म्या ताकदीचा. तू मातीतल्यासारखा दबा धरून होतास, संधी मिळाली की चितपट करीन म्हणून. बाबा कडेला उभं राहून ओरडत होते, ‘थांब, घाई नोको करू, थांब!’ तू थांबलास. तो पाय ओढून गुण घेत राहिला, वेळ संपली, आणि पंचांनी त्याचा हात वर केला. परतताना एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलास आणि सगळा दोष स्वतःच्या माथी घेतलास. बाबा नागभीड येईपर्यंत तुझ्या पाठीकडे पाहत होते.

आता जे लिहिते ते लिहू नकोस असं त्यांनी मला बजावलंय. लग्न झाल्यापासून त्यांचा शब्द मी क्वचित मोडला, पण आज मोडते. गुलाब, कॉलेजनं बाबांना काढलेलं नाही. नागपूरहून आल्यावर त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, मला सोबत घेतलं, आणि प्राचार्यांपुढे जाऊन हात जोडले. ‘साहेब, मले गादीचं काई समजत नाई जी. माह्या पोरगा माह्या ओरडण्यानं हारला. गादी जाणणारा माणूस आणा, मी बाजूले होतो.’ प्राचार्य नको नको म्हणत होते. बाबांनी ऐकलं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘पोराले नोको सांगू. त्याले वाटन, बाप हारला.’ कोणी कॉलेजला नावं ठेवली की ते उठून गोठ्यात का जातात, ते आता तुला कळेल. ज्या माणसासाठी तू आखाडा सोडलास, त्यानं तो तुझ्यासाठी आधीच सोडला होता. आणि हल्ली रोज संध्याकाळी ते कुठं जातात ठाऊक आहे? कॉलेजात. गादीच्या कडेला बाकावर बसतात आणि इंगोले सरांना विचारतात, ‘ह्या डावाचे किती? आन् पाठ फिरवली तं किती?’ घरी येऊन जेवता जेवता माझ्यापुढे उजळणी करतात. मी मास्तरीण, चुकलं की कान धरते. नागपूरला यंदा बरोबर ओरडायचं आहे म्हणतात. दिवाळीआधीच्या रविवारी संघाची निवड आहे. कडेला उभं राहून ओरडणारा तयार होतोय, बाळा. आता गादीवर तू पाहिजेस.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच आई