माझ्या हाताला गुण आहे

४ तारीख
लेकीचे दिवस भरत आले. पहिलटकरीण. काल हळूच विचारलं, आई, फार दुखतं का गं? मी आहे ना, दुखू देणार नाही, असं बोलून बसले. आता शब्द पाळायला हवा. पायांच्या रिफ्लेक्सॉलॉजीचा वर्ग निघालाय, तळव्यावरचे बिंदू दाबून बाळंतकळा हलक्या करायच्या. देवानंच जाहिरात दाखवली. नाव घातलं.

७ तारीख
गर्भाशयाचा बिंदू घोट्याखाली, आतल्या बाजूला. कळा सुरू होईपर्यंत तो गरोदर बाईचा दाबायचा नाही, म्हणून सराव ह्यांच्यावर. ह्यांना गर्भाशय नाही, तरी घोरायला लागले. म्हणजे गुण येतोय. उठल्यावर म्हणाले, घोटा सुजलाय. कौतुक करणं ह्यांच्या स्वभावातच नाही.

११ तारीख
जावईबापू म्हणाले, पाठीत इंजेक्शन देतात, मग कमरेखाली काही कळत नाही, घेऊया का? म्हटलं, माझे अंगठे असताना? तेवढ्या पैशांत पाळणा येईल. लेक जावईबापूंकडे बघत राहिली. पटलं तिला.

१६ तारीख, सकाळ
कळा सुरू. आत एकालाच सोडतात. तेलाची बाटली घेऊन मीच घुसले.

दुपार
काही होत नाहीये. दोन लाथा बसल्या. वर्गात दिलेला तळव्यांचा तक्ता समोरून काढलाय, बहुतेक डावा-उजवा उलट धरत होते. बदलून पाहिलं. लेक ओरडते, आई, तू म्हणाली होतीस ना! देवा, जन्मभर गोड सोडते, पण तिचं थांबव. नाहीतर मला दे. नर्सबाईंनी बाहेर काढलं, तोंड धुऊन या म्हणाल्या. धुता धुता रडून घेतलं. जावईबापू कुठल्याशा कागदावर सही करत होते, माझ्याकडे बघेनात.

संध्याकाळ
परत आत. जीव तोडून दाबलं. आणि लेक शांत! हसली चक्क! अंगठे सुन्न झाले, पण सोडलं नाही. नात झाली. नर्सबाईंना म्हटलं, हाताला गुण आहे माझ्या, कुणी पहिलटकरीण अडली तर बोलवा. त्या तोंड फिरवून बाळाचं वजन करायला लागल्या. थकल्या असतील.

१७ तारीख
नातीला पाजता पाजता लेक म्हणाली, आई, नंतर पुन्हा पाय दाबणार होतीस ना? राहूनच गेलं बघ. इंजेक्शन दिल्यावर मला खालचं काही कळलंच नाही.

म्हटलं, हो गं, गडबडीत राहिलं.

जावईबापूंनी मिठाई पुढे केली. घेतली नाही. गोड सोडलंय म्हटलं. का, ते सांगितलं नाही.