आईने विचारलेला ‘द’

बुधवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. व्हिएतनामच्या शाळेच्या, इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीच्या जाहिरातीत ‘अनुभवाची अट नाही’ असं ठळक लिहिलं होतं, आणि आज व्हिडिओ कॉलवर तिथल्या बाईंचा पहिलाच प्रश्न, अनुभव किती? मग बोलावलं कशाला? माझं इंग्रजीतलं एम.ए. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वर म्हणाल्या, पाच मिनिटं शिकवून दाखवा. कोणाला? नंदनवन वस्तीतल्या या खोलीत मी आणि आई. शेवटी आईलाच विद्यार्थिनी करून बसवलं.

आई मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, “काहून वं, हे ‘द’ कुठी लावाचं अन् कुठी नाही?”

इंग्रजीतला साधा ‘the’, आणि मला त्याचा नियम सांगता येईना. पाच वर्षं इंग्रजी शिकून! बाई हसल्या, कळवतो म्हणाल्या. कळवणार नाहीत.

कॉल बंद झाल्यावर आईवर ओरडले, “तुले कोणी विचाराले सांगितलं होतं?”

“समजून नाही राहिलं तं विचारू नको का?” म्हणाली आणि उठून गेली.

एक साधा ‘द’. वर्गातल्या मुलाने विचारला असता तर? त्याच्यावरही ओरडले असते का?

बहुतेक हो. बाईंनी ते ऐकलं नाही, एवढंच.