आधी आतून हात फिरव

अण्णा,

तुम्ही गेल्यावर मी ट्रकची चाकं घेणं बंद केलं. विठ्ठलवाडीचं दुकान तेच आहे, वरचा पत्राही एक तुकडा सोडला तर तोच, पण आता दारात फक्त मोटारी उभ्या असतात आणि त्यातल्या निम्म्यांचे मालक मला टायर म्हणजे काय ते समजावून सांगतात. परवा शनिवारी असाच एक आला. निळी, दोन दारांची, पोट जमिनीला घासणारी गाडी. तुम्ही म्हणाला असतात, ही गाडी शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यात गेली की क्रेननेच काढायची. माणूस पन्नाशीचा, घट्ट टी-शर्ट, काळा चष्मा डोक्यावर चढवलेला. बरोबर त्याची मुलगी, वीस-एकवीसची. आत डोकावून म्हणाला, "मालक कुठायत?" मी म्हटलं, "समोर." "नाही, म्हणजे जेन्ट्स कोणी?" "जेन्ट्स जेवायला गेलेत. टायर मी बसवते. बोला." माझी जीभ तुमच्यावरच गेली आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

मागच्या चाकांसाठी त्याने स्वतःचे दोन टायर आणले होते. परदेशातून उतरलेला वापरलेला माल, कुठल्यातरी गोदामातून उचललेला. "समर टायर आहेत, हाय परफॉर्मन्स. रेसवाले वापरतात. तुमच्याकडे नसणारच," तो म्हणाला. अण्णा, हे समर प्रकरण तुमच्या वेळी नव्हतं. थंड देशांत लोक हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवतात आणि उन्हाळ्याचे वेगळे. आपल्याकडे हिवाळा म्हणजे आंबिवलीला चार दिवस पहाटेचा मफलर, त्यामुळे आपला प्रत्येक टायर उन्हाळ्याचाच. पण या जोरकस गाड्यांसाठी जे करतात त्यांचं रबर मऊ असतं, तापलेल्या रस्त्याला धरून बसतं, वळणावर गाडी सुटू देत नाही. मात्र ते झिजतंही लवकर, आणि म्हातारं झालं की मऊपणा जाऊन निबर होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला त्याचे. मी ते वाचले. टायर नऊ वर्षांचे होते, वरून पॉलिश मारून नवरदेवासारखे चमकवलेले. मी म्हटलं, "साहेब, हे जुने झालेत. घाटात तापले की दगा देतील." दर रविवारी सकाळी तो माळशेजला गाडी पळवतो आणि मुलगी शेजारी बसून मोबाईलवर शूटिंग करते, हे त्यानेच आल्या आल्या छाती फुगवून सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "तुम्हाला विचारलं का? बसवा बोललो की बसवायचं. पंक्चरवाल्यांचा सल्ला घ्यायची वेळ नाय आली अजून."

मी टायर ओढला आणि हात आपोआप आत गेला. आधी आतून हात फिरव. दुकानातलं तुमचं पहिलं वाक्य ते, आणि माझं पहिलं काम. फडकं नाही, हातमोजा नाही, उघडा तळवा, पूर्ण गोल. डोळ्याला खिळा दिसत नाही, हाताला कळतो. मी अकरा वर्षांची आहे, शाळेतून थेट दुकानात आले आहे, खांद्यापर्यंत हात टायरमध्ये आहे, आणि एका तारेचं टोक तळव्यात शिरून अंगठ्यापर्यंत फाडत जातं. मी हात बाहेर काढते. रक्त नव्या ट्यूबवर पडतं. तुम्ही माझ्या कानाखाली जाळ काढता, ट्यूब घाण केली म्हणून. मग स्वतःचा रुमाल माझ्या हाताला करकचून बांधता आणि म्हणता, "सापडली ना तार? त्या ड्रायव्हरचा जीव वाचवलास तू." दोन्ही एकाच आवाजात. मारायला तुमची ट्यूबची पट्टी होती, दोन बोटं रुंद, खुंटीला टांगलेली. पाठीवर बसली की आधी आवाज यायचा, मग आग. आई मधे पडली की तिलाही दोन मिळायच्या. शेजारचे म्हणायचे, बाप कडक आहे, म्हणून तर पोरगी कामाला लागली. आणि मी पंधराची झाले तेव्हा तुम्ही मला सुरी दिलीत. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या पोलादाची, लोहाराकडून घडवून घेतलेली, मूठ माझ्या मुठीच्या मापाची. मुठीवर घट्ट गुंडाळलेलं रबर खुंटीवरच्या पट्टीचंच होतं. ती झिजली होती म्हणून तुम्ही कापलीत. दुसऱ्या दिवशी खुंटीवर नवी आली. सुरी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि तिला धार मीच लावते.

शनिवारचा पहिला टायर आतून साफ निघाला. दुसऱ्यात, बाजूच्या भिंतीला, बोटांखाली उंचवटा लागला, बिस्किटाएवढा. ठिगळ. रस्त्याला टेकतो त्या भागाचं पंक्चर काढता येतं, पण भिंतीला ठिगळ लावून कोणी गाडी पळवत नाही. भिंत सारखी वाकते आणि ठिगळ कधीतरी सुटतंच. मी बोलणार तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पप्पा, त्या सांगतायत ना जुने आहेत, ऐका की जरा." त्याने मान न वळवता उलट्या हाताने तिच्या कानावर ठेवून दिली. हात सवयीचा होता, नेमका बसला. ती रडली नाही. कानातलं खाली पडलं होतं ते उचललं, फुंकर मारून परत घातलं, आणि भिंतीवरच्या टायरच्या पोस्टरकडे बघत उभी राहिली. मी अशीच उभी राहायचे, तुमच्या हवेच्या टाकीकडे बघत.

आणि मी तोंड मिटलं. मी घाबरले नव्हते, ठिगळ विसरलेही नव्हते. माझ्या मनात आलं, जा, मर. उद्या सकाळी घाटात ठिगळ सुटू दे, गाडी कठड्यावर आपटू दे, तुझं ते चष्म्याचं डोकं काचेतून बाहेर येऊ दे. मी टायर रिमवर चढवला, हवा भरली, चाक बॅलन्स केलं, नट एकेक करून आवळले. इतकं सुबक काम महिन्याभरात केलं नसेल. आतून गार वाटत होतं, बरं वाटत होतं. काम झाल्यावर तो मुलीला म्हणाला, "बस." ती डावीकडचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली आणि तिने पट्टा ओढून लावला. अर्धा तास मी त्या माणसाला मनात मारत होते आणि शेजारची सीट मला दिसलीच नव्हती.

मी ड्रॉवर उघडला. सुरी घेतली, मागच्या चाकाजवळ गुडघ्यांवर बसले आणि टायरच्या भिंतीत मुठीपर्यंत घुसवली. हवा तोंडावर आली. मी सुरी ओढत ठिगळाभोवती नेली. तो दार उघडून उतरला आणि त्याने मुठीने माझ्या तोंडावर मारलं. दाताचा तुकडा जिभेवर आला. दुसरा ठोसा छातीत बसला, मी आडवी झाले तरी कापत राहिले. तिसरा बसायच्या आत आपला जुना कामगार, तुम्हीच ठेवलेला, आता डोकं पांढरं झालंय त्याचं, जेवणाचा डबा टाकून धावत आला. जॅकचा दांडा उचलून त्याने त्या माणसाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. "ताईच्या अंगावर हात टाकतो? हात टाकतो काय रे भडव्या?" रिक्षावाले जमले. त्यांनी आपल्या माणसाला धरलं नसतं तर दुसरा घाव डोक्यात बसला असता. तोवर माझ्या हातात रबराचा कापलेला तुकडा होता. तो मी त्या माणसाच्या तोंडावर फेकला आणि रक्त थुंकून म्हटलं, "उलटा करून बघ. आणि मग तुझ्या शेजारी कोण बसलंय ते बघ." त्याने डाव्या हाताने तुकडा उचलला. ठिगळाच्या कडेला नख लावलं, तर ते ओल्या पापडासारखं सुटून आलं. तो तिथेच फूटपाथवर बसला. पोलिसांकडे तो गेला नाही, मीही गेले नाही. आम्ही गाडीचे आधी काढलेले टायर परत चढवून दिले आणि गाडी मुलीने चालवत नेली.

आज सोमवारी ती एकटी आली, निळी गाडी घेऊन. "पप्पांचा हात प्लास्टरमध्ये आहे. चावी टेबलावर ठेवली आणि बोलले, त्या बाईंकडेच जा. चारही नवीन टाकून घे." मी विचारलं, "सॉरी बोलले का तुला?" ती हसली. "ते कधीच नाय बोलत." मग आम्ही दोघींनी मिळून टायर निवडले. तिला एक आवडला होता, जवळजवळ गुळगुळीत, दिसायला झोकदार. मी म्हटलं, तो कोरड्या रस्त्यावरच्या शर्यतीचा, मुरबाडच्या पुढे सर आली की गाडी पाण्यावरून घसरेल. रबर मऊच घे, पण खाचा खोल हव्यात, पाणी बाहेर फेकणाऱ्या. चारही एकाच जातीचे घे. पुढचे निबर आणि मागचे चिकट असे ठेवलेस तर वळणावर गाडी तुझं ऐकणार नाही. आणि रिम एक इंच लहान घेतली तर टायरची भिंत उंच मिळते, खड्ड्याचा मार ती खाते. ती म्हणाली, "पण काकी, लूक जाईल ना गाडीचा." "माळशेजला लूक बघायला माकडंच असतात," मी म्हटलं. ती हसली आणि उंच भिंतीचे घ्यायला तयार झाली. मी चारही टायरचे आकडे तिच्याकडूनच वाचून घेतले, यंदाचेच होते. मग पहिला टायर तिच्यापुढे उभा केला आणि म्हटलं, आधी आतून हात फिरव. तिने बाही वर केली, हात घातला, सावकाश गोल फिरवला. "काहीच नाही लागत." "मग बसवायचा."

नट आवळताना ती माझा सुजलेला ओठ बघत होती. "हे हात फिरवायचं कोणी शिकवलं तुम्हाला?" "माझ्या वडिलांनी." "मारायचे?" तिने असं विचारलं की मला खोटं बोलता आलं नाही. हो म्हटलं. "आता कुठे असतात?" "वारले. मी अठरा वर्षांची होते. ट्रकच्या चाकाची रिंग उडाली. कोणाला काही दिसलंच नाही." हे वाक्य मी तीस वर्षं असंच म्हणत आले आहे. पोलिसांना हेच सांगितलं, आईला हेच सांगितलं. ती म्हणाली, "सॉरी काकी," आणि गेली. मी शटर अर्धं खाली ओढलं. ही तुमची दुपारी जरा आडवं व्हायची वेळ. टायरच्या वेष्टनाचा कागद उलटा करून लिहायला बसले.

तेव्हाही अशीच दुपार होती. ट्रकच्या चाकाचा टायर जागेवर धरायला लोखंडी कडं असायचं, ती रिंग. खाचेत नीट बसली नाही आणि वर हवा भरली तर ती सुटून समोर येईल ते घेऊन जायची, म्हणून तुम्ही चाकाला नेहमी साखळी बांधायचात. त्या दिवशी बांधली नाहीत, कारण तुम्ही रागात होतात. हात फिरवलास का, असं तुम्ही ड्रायव्हरसमोर विचारलंत. मी हो म्हटलं, खरंच फिरवला होता, आणि तरी तुम्हाला आत खडा सापडला. नंतर पडला असेल. पट्टी तुटेपर्यंत मारलंत मला, त्या परक्या माणसासमोर, जमिनीवर पाडून. मग म्हणालात, "आता तोंडातून एक शब्द काढलास तर जीभ छाटीन. हवा सोड." मी हवेच्या टाकीचा कॉक उघडला, नळीतून हवा चाकात जाऊ लागली. तुम्ही चाकावर वाकून हातोडीने रिंग ठोकत होता. ती सुटली, तुमच्या चेहऱ्यातून वर गेली आणि पत्रा फाडून बाहेर पडली. आईला ओळखायला चेहरा उरला नव्हता. तिने तुमचे तळवे उलटे करून बघितले आणि हो, हेच, म्हणाली.

अण्णा, रिंग एका बाजूला बोटभर उचललेली होती. तुम्ही दुसऱ्या बाजूला ठोकत होता, मी समोर होते, मला दिसत होती. 'अण्णा, रिंग' एवढंच म्हणायचं होतं. तुम्ही बोलू नको म्हणालात म्हणून मी बोलले नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं पटवत आले. पण शनिवारी नट आवळताना आतून जे गार वाटलं ते नवीन नव्हतं. मी ते लगेच ओळखलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. ड्रॉवरमध्ये सुरीखाली राहील. नव्या टायरचे नट थोडी गाडी चालली की पुन्हा आवळावे लागतात, त्यासाठी ती मुलगी आठवड्याने परत येईल. तिला खरं सांगेन असं ठरवून लिहायला बसले होते. सांगणार नाही.

आणि अण्णा, कॉक बंद करायला मला वेळ होता.