गुंडाळी हातात, तोंड बंद

३ ऑक्टोबर
संपलं! तालमीनंतर आमच्या गायकवृंदाचे मास्तर पेल म्हणाले, "टॅरंट, एकतीस वर्षं गायलात. आता वरचे सूर फाटतात. राज्याभिषेकाला तुमच्या जागी जेसप उभा राहील."
जेसप — आता दोन लेकरांचा बाप, पण गाणं लहानपणी माझ्याकडूनच शिकलेला. घरी आलो तर हेस्टरनं माझा गायकाचा लाल झगा उन्हात टाकलेला. बायकोला सांगायला जीभ रेटेना.

६ ऑक्टोबर
राज्याभिषेकाच्या चर्चमध्ये, ॲबीत, सुतारांनी सरदारांच्या बैठकीचा असा उंच माळा ठोकलाय, की गायकांचे दोन सज्जे एकमेकांना दिसेनात. समोर मास्तर आणि वाद्यं, इकडे आमचे वीस गायक. वरच्या सुरांना इकडे एकटा जेसप.
इकडच्यांना मास्तर दिसत नाहीत, म्हणून मला बोलावणं. मध्ये खांबापाशी उभं राहायचं, मास्तरांकडे बघून कागदाच्या गुंडाळीनं इकडच्यांना ताल द्यायचा. "आणि गळ्यातून हूं की चूं नको."
शेवटी हेस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मुक्यानं का होईना, राजासमोर उभे राहताय ना? मग तोंड पाडून बसू नका. मटण गार होतंय."

९ ऑक्टोबर
तालीम. आधी वाद्यं चढत चढत जातात, मग सगळे एकदम. नेमके तिथेच इकडचे मागे पडले. मास्तर माझ्यावर उखडले.

११ ऑक्टोबर
झालं! राज्याभिषेक पार पडला.
वाद्यं चढत गेली. मी श्वास रोखला, गुंडाळी उचलली, खाली आणली — आणि दोन्ही सज्जे एकाच घशातून गायल्यासारखे उठले! पुढचं नीट आठवत नाही. माळ्यावरचे सरदार माना वळवून माझ्याकडे बघत होते, एवढं दिसलं. शेवटी पाहिलं तर गुंडाळीच्या चिंध्या झालेल्या.

१२ ऑक्टोबर
घसा बसलाय. ॲबीतल्या गारठ्याचाच प्रताप. हेस्टरनं मध घालून गरम बिअर दिली.
मास्तरांनी सगळ्यांसमोर जेसपची पाठ थोपटली. "त्या बाजूचा वरचा सूर थेट माझ्यापर्यंत आला." जेसप जमिनीकडे बघत राहिला. माझा मात्र जळफळाट झाला. खोटं कशाला लिहू?

१३ ऑक्टोबर
सकाळीच जेसप दारात. "काका, सगळे एकदम उठले, तिथेच माझा आवाज फुटेना. मी नुसते ओठ हलवले. वरचे सूर तुम्ही गात होतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मास्तरांनाही सांगून आलोय."
हेस्टरनं गाण्याचा झगा पुन्हा उन्हात टाकलाय.