मांडवातली कवदर

मेघाली बाय,

तुझ्या लग्नाच्या मांडवाला मी डोंगरावरची कवदर, आपली रानकेळ, तोडून आणली. "दादा, फुलावर हाय, तोडू नको," तू बोललीस. मीच शहाणा! परसातल्या केळीसारखी पुन्हा फुटेल म्हटलं.

चार वर्षं वाट बघितली. कवदरीला पिल्लं येतच न्हायत, ती फक्त बियांतून उगवते. आणि डोंगरावर तेवढी एकच उरली होती. हे तुला सांगायला तोंड न्हाय.

मग आईच्या डब्यात मुतखड्याच्या औषधाला ठेवलेल्या जुन्या कवदरीच्या आठ बिया सापडल्या. आपल्या खारबावच्या घरामागं पेरल्या. काल एक उगवली!

ती जगून डोंगरावर रुजेपर्यंत हे पत्र टाकत न्हाय. तुझ्या लेकीच्या मांडवाला बांबू लावीन, आणि वऱ्हाडाला डोंगरावर कवदर दाखवायला नेईन.

कोयता टांगून ठेवलेला,
तुझा धर्मादादा