शेवटचे दोन

बाबा, सोमवारी मला जिमच्या मालकांना उत्तर द्यायचं आहे, आणि ज्यांना विचारावं असे तुम्ही एकटेच होतात. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. तुम्ही असतात तरी मी विचारलं असतं का, देवच जाणे. तुमच्या हयातीत मी कामाबद्दल तुम्हाला एक अक्षर विचारलं नाही, उलट तुम्ही काही विचारलंत की अंगावर धावून जायचे. आज रविवार, बॅच नाही. आई गच्चीवर उन्हात मटार सोलत बसली आहे. वृंदावन योजना या वसाहतीतलं हे घर तुम्ही रिटायर झाल्यावर घेतलंत, त्यातल्या तुमच्या टेबलाशी मी बसले आहे. तुम्ही जपून ठेवलेल्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा अजून संपलेला नाही, त्यातलाच एक घेतला.

तर गोष्ट अशी. मालकांनी, म्हणजे सरांनी, मला मॅनेजर करायचं ठरवलं आहे. परवा सकाळची बॅच संपल्यावर त्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "देखिए मैडम, आप हमारी सबसे सीनियर हैं। कब तक फ्लोर पर कूदिएगा? अब यहाँ बैठिए।" खुर्ची चांगली आहे, फिरणारी. काम काय, तर नव्या माणसांना मेंबरशिप विकायची आणि जे यायचे थांबले त्यांना फोन करायचे. फ्लोअर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष व्यायाम चालतो ती जागा, तिथे पाय ठेवायचा नाही, तिथे नवीन मुली येतील. आमच्या धंद्यात वर जायची वाट ही एवढीच, आणि त्या वाटेने जायचं तर धंदाच मागे ठेवून जावं लागतं. चोविसाव्या वर्षी ट्रेनर झाले, आज त्रेचाळिसाव्या वर्षी ट्रेनरच आहे. मधे नावापुढे ‘सीनियर’ लागलं, तेही टी-शर्टच्या पाठीवर.

हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत. चारबागच्या रेल्वे क्वार्टरमधलं ते अंधारं स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटते आहे, तुम्ही पाटावर जेवायला बसला आहात, आणि मी नोकरी लागल्याचं सांगते आहे. तुम्ही घास खाली ठेवता आणि विचारता, "बरं. पुढे काय?" मी म्हणते, पुढे काय म्हणजे? "म्हणजे पाच वर्षांनी कोण होशील? दहा वर्षांनी?" रेल्वेत हे सगळं आधीच लिहिलेलं असतं, कोणत्या वर्षी कोणती ग्रेड, कोणतं क्वार्टर. मी तणतणत म्हटलं, "सगळ्यांना तुमच्यासारखं रुळावरून चालायचं नसतं." आई म्हणाली, जेवू दे गं त्यांना. तुम्ही भात कालवलात. पुढच्या रविवारी हजरतगंजला जाऊन माझ्यासाठी चांगल्यातले बूट आणलेत आणि खोका माझ्या पलंगावर ठेवलात.

काम मला आवडतं, बाबा. हे मात्र खरं, आणि हेच अवघड आहे. नावडतं असतं तर केव्हाच सोडलं असतं. महानगर भागातल्या आमच्या जिममध्ये एक बाई येतात, सत्तरीच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. घरात पडल्या तेव्हा अर्धा तास जमिनीवरच होत्या, उठताच येईना, शेवटी शेजाऱ्यांनी उचललं. त्याच भीतीपोटी आल्या. पाच महिने आम्ही दोघी रोज फक्त जमिनीवर बसायचं आणि उठायचं एवढंच करत होतो. आधी खुर्चीला धरून, मग माझ्या हाताला, मग नुसत्या भिंतीला. एक दिवस त्या काहीही न धरता उठल्या आणि भर बॅचमध्ये ओरडल्या, "अरे बिटिया, हम तो उठ गए!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. असं वर्षातून दोन-तीनदा होतं, आणि त्यावर मी उरलेलं वर्ष काढते.

उरलेलं वर्ष मात्र मोठं असतं. साडेपाचची बॅच, त्यासाठी साडेचारला उठणं, जानेवारीत धुक्यात स्कूटीवर डोळे चोळत अख्खं शहर ओलांडणं. दुपार रिकामी, संध्याकाळी पुन्हा तेच. गाणी बदलतात, मेंबर बदलतात, मी तेच हात वर, तेच खाली. माणूस सुधारला की निघून जातो, ते बरोबरच आहे म्हणा, पण जाताना एकही जण विचारत नाही, मैडम, तुम्ही कशा आहात. ट्रेनरने दमलेलं दिसायचं नसतं. यांची पोस्टिंग बाहेरगावी, घरी आम्ही तिघीच, आणि दिवसभर ओरडून घरी आले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. परवा मुलगी म्हणाली, "मम्मा, आप घर पर बोलती क्यों नहीं हो? नानी भी यही पूछ रही थीं।" मी म्हटलं, "अगं, घसा बसलाय." ती म्हणाली, "रोज़?"

आता गुडघ्यांचं. त्याआधी आमच्यातली एक रीत सांगते. माणसाला दहा वेळा काही करायचं असतं, तो आठाला दमतो. मग आम्ही म्हणतो, "बस, लास्ट दो!" त्याने ते केले, की "बहुत बढ़िया, दो और!" असे दोन-दोन करत चार-सहा जास्तीचे निघतात. मेंबर हसतात, शिव्या देतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. कामाला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हे शिकले, आणि ते इतकं अंगात मुरलं, की मुलीला भरवतानासुद्धा "लास्ट दो" म्हणायचे.

तुमचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा फिजिओथेरपिस्ट पंधरा दिवस आला. मग मीच म्हटलं, आता मी आहे ना. तुम्ही पुठ्ठ्याचा एक भलामोठा कोनमापक कापलात, पलंगाच्या कडेला टेकवलात, आणि गुडघा किती वाकला ते रोज कॅलेंडरवर लिहू लागलात. ऐंशी. त्र्याऐंशी. सत्त्याऐंशी. नव्वदला पोचलात त्या दिवशी आईला शिरा करायला लावलात, आणि तिला सांगितलंत, "पोरीच्या हाताला गुण आहे." हे तिने मला नंतर सांगितलं. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

आणि मग तो दिवस. सकाळचे दहा वाजलेत. तुम्ही पलंगावर पाय सोडून बसला आहात, मी टाच धरून मागे ढकलते आहे. तुमच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. दहा करायचे ठरलेत, आठ झालेत. मी म्हणते, "शेवटचे दोन, बाबा." तुम्ही डोळे मिटून ते करता. "छान! अजून दोन." तेही करता. "आता खरंच शेवटचे दोन." तुम्ही डोळे उघडता.

"किती झाले?"

"झालेच की. दहा-अकरा."

"बारा झाले. मी मोजतोय. तू दहा म्हणाली होतीस."

"अहो बाबा, असंच करतात. सगळे ट्रेनर करतात. दोन म्हटलं की माणूस करतो."

"मग बारा सांग. पंधरा सांग, पंधरा करीन. मी दुखणं सोसतोय ते आकड्याच्या भरवशावर. मला दोन सांगून सहा घेऊ नकोस. छत्तीस वर्षं मी रूळ तपासणाऱ्या गँगमनने सांगितलेल्या मापावर गाड्या सोडल्या. त्याने असं केलं असतं तर?"

मी म्हटलं, "हा गुडघा आहे, रूळ नाही." तुम्ही पाय माझ्या हातातून सोडवून घेतलात. रागावला नव्हतात, तेच जास्त लागलं. म्हणालात, "नको. उद्यापासून माझं मी करीन."

तुम्ही करतही होतात. मोजून दहा, आणि दुखलं की थांबायचात. ढकलायला कुणी नव्हतं. कॅलेंडरवर नव्वद, नव्वद, अठ्ठ्याऐंशी, आणि मग कोरे चौकोन. पुढच्या गणपतीत महाराष्ट्र मंडळात तुम्ही आरतीला मागे खुर्चीवर बसलात, आणि पंगत बसली तेव्हा "भूक नाही" म्हणून घरी आलात. पार्कात जाणं थांबलं, मग गच्चीवर जाणंही. दोन वर्षांनी हृदयाने दगा दिला. डॉक्टरांनी गुडघ्याचं नावही काढलं नाही. मी मात्र रोज काढते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी येऊन "बाबा, चुकलं, आज पंधरा, मोजून पंधरा" एवढंच म्हणायचं होतं. मला मान खाली घालता आली नाही, आणि तुम्ही स्वतःहून बोलावणाऱ्यातले नव्हतात.

पण ज्यासाठी बसले ते अजून लिहिलंच नाही. तुम्ही "नको" म्हणालात तेव्हा मला वाईट वाटलं, पण त्याच्या आधी, क्षणभरच, सुटल्यासारखं वाटलं. अकरा वाजता गोमतीनगरला दुसऱ्या कुणाच्या वडिलांकडे व्यायाम घ्यायला जायचं होतं. ते मोजत नसत, माझं ऐकत, मला "आप तो देवी हैं" म्हणत. तुमच्यापुढे मी बारावीतली मुलगी होते, त्यांच्यापुढे कोणीतरी होते. त्या दिवशी मी वेळेआधी पोचले. परवा सरांनी ती खुर्ची माझ्याकडे फिरवली तेव्हा मला नेमकं तसंच सुटल्यासारखं वाटलं, आणि मी घाबरले. दमलेल्या माणसाला काय काय बरं वाटतं, ते मी एकदा पाहिलं आहे.

म्हणून सोमवारी मी नाही म्हणणार आहे. सर म्हणतील, सोच लीजिए, असा चान्स पुन्हा नाही, आणि ते खोटं बोलणार नाहीत. मंगळवारी पुन्हा साडेपाचची बॅच. आता मेंबरांना मी पंधरा हवे असतील तर पंधरा सांगते. काही जण त्यामुळे दहालाच थांबतात, आणि सरांना ते आवडत नाही. तुमच्या "पुढे काय"चं उत्तर माझ्याकडे एकोणीस वर्षांपूर्वी नव्हतं, आजही नाही. नाही म्हटल्यावर काय होईल याची मला भीती वाटते, बाबा. मुलगी मोठी होते आहे आणि मला दुसरं काही येत नाही.

आई गच्चीवरून येऊन विचारून गेली, काय लिहितेस एवढं. मी म्हटलं, बॅचचं वेळापत्रक. हा कागद तुमच्याच गठ्ठ्यात तळाशी ठेवून देईन. आणखी एकच. दोन महिने झाले, जिना उतरताना माझा डावा गुडघा दुखतो आहे. अजून मी कुणाला सांगितलेलं नाही.