खरी गोळी

२६ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी ५
शाळा सुरू झाली. आजपासून रोजनिशी. नियम एकच: तथ्यं लिहायची, भावना नाहीत. भावनांनी डेटा बिघडतो. संकल्प: पेपर आठ दिवसांत तपासून परत, चिप्स बंद, आणि बायकोच्या, म्हणजे लोर्नाच्या, आजाराकडे शास्त्रीय नजरेने बघायचं.
लोर्नाला मे महिन्यात एएलएस निघाला. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. बरं करणारं औषध अजून नाही. पण मिनिआपोलिसच्या हॉस्पिटलात नव्या गोळीचा प्रयोग चाललाय, त्यात तिचं नाव लागलं. निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली ते कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरलाही ठाऊक नसतं. एकवीस वर्षं मी बारावीच्या वर्गाला संख्याशास्त्रात हेच शिकवतोय, त्यामुळे माझी काही घालमेल वगैरे होणार नाही.
चिप्सचं पाकीट उघडंच होतं, संपवलं. उद्यापासून बंद.

९ सप्टेंबर, सोमवार
पहिली गोळी. लोर्नाने तोंड वाकडं केलं, म्हणाली, शी, किती कडू! मी लगेच नोंद केली. खोटी गोळी म्हणजे नुसतं पीठ, ते कशाला कडू लागेल? हॉस्पिटलच्या नर्सबाई, ट्वायला, म्हणाल्या, मिस्टर टेस्डाल, ओळखू येऊ नये म्हणून खोटी गोळीसुद्धा आम्ही कडूच करतो.
त्यांना असं म्हणावंच लागणार. नोकरी आहे त्यांची.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
वर्गात सॅम्पलिंग, म्हणजे नमुना कसा निवडायचा. शुक्रवारी कँटीनमध्ये काय असावं याचा सर्व्हे करायला लावला होता. ब्रेकन ओल्टमन निकाल घेऊन आला: शंभर टक्के मुलांना पिझ्झा हवा. मी विचारलं, कुणाकुणाला विचारलंस? म्हणाला, आमच्या हॉकी टीमला, ती माझ्याच टेबलावर बसते ना! पूर्ण तास घेतला त्याला. आपल्याला हवं ते उत्तर देणाऱ्यांनाच विचारायचं आणि त्याला शास्त्र म्हणायचं, ही माणसाची सगळ्यात जुनी खोड आहे, असं म्हणालो. फार छान जमलं वाक्य. फळ्यावर लिहून ठेवलं.
पेपर अजून तपासायचेत.

१३ ऑक्टोबर, रविवार. सकाळी १०
घरचा प्रयोग सुरू. लोर्नाच्या निळ्या स्वेटरला सहा बटणं. ती लावायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. आज ७१.
परवा ९४ आले होते, पण त्या दिवशी गारठा होता. खोडले. काल तिला झोप नीट लागली नव्हती, म्हणून मोजलंच नाही. मोजणी नेहमी सारख्या परिस्थितीत हवी.
लोर्नाने चर्चमध्ये ऑर्गन वाजवणं सोडलं. एकतीस वर्षं वाजवत होती. कंटाळा येणारच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
६६!!! आलेख काढला. रेघ स्पष्ट खाली येतेय. माझ्या मनात आता शंका नाही, तिला खरीच गोळी मिळतेय.
तिला दाखवला. म्हणाली, अरे व्हर्न, महिनाभर तीच बटणं लावतेय, हाताला सवय झाली असेल. मी समजावलं की सवयीचा परिणाम वेगळा दिसतो. कसा दिसतो, म्हणाली. मी म्हटलं, ते पुढच्या प्रकरणात येतं.

८ डिसेंबर, रविवार
लोर्ना पडली. बर्फावर सगळेच पडतात. ती स्वयंपाकघरात पडली, पण बुटाला बर्फ चिकटला असणार. आता काठी घेतली आहे, हिवाळ्यापुरती.
चिनी मातीचे कप बदलून प्लास्टिकचे आणले. हलके पडतात. मलाही बरे.
या आठवड्यात मोजणी नाही. पडल्यामुळे आकडे बिघडतील.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४
वर्गात प्रयोगरचना. खरा डेटा असला की पोरं जागी राहतात म्हणून माझाच आलेख फळ्यावर काढला. 'नवी गोळी घेणाऱ्या ओळखीच्या एका बाईंचा' म्हटलं. विचारलं, यातून काय दिसतं?
मारिसेला किन्तानियाने हात वर केला. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, त्यामुळे मी खूश. तिने विचारलं, मिस्टर टेस्डाल, हे तीन महिने आहेत, मग ठिपके एकोणीसच का? मी म्हटलं, बाकीचे दिवस योग्य नव्हते. ती म्हणाली, कुणी ठरवलं? मी. ठरवणाऱ्याला माहीत होतं का, की बाई गोळी घेतायत? हो. आणि बाई बऱ्या व्हाव्यात असं त्याला वाटत होतं का?
मी म्हटलं, हा प्रश्न संख्याशास्त्राचा नाही.
मागून ब्रेकन ओरडला, अरे, मग हा माझा पिझ्झाच झाला की! सगळा वर्ग हसला. मारिसेला हसली नाही. तिची आई आमच्याच चर्चची. तास संपल्यावर पोरगी टेबलापाशी घुटमळली, म्हणाली, आई मिसेस टेस्डालची सारखी आठवण काढते. तुम्हाला जेवायला ओव्हनमधली हॉटडिश करून पाठवू का विचारलंय. मग म्हणाली, सॉरी. कशाबद्दल ते सांगितलं नाही.
निष्कर्ष: वर्गाला आलेख वाचता येत नाही. हे प्रकरण पुन्हा शिकवावं लागणार.
(हॉटडिशला हो म्हटलं.)

११ फेब्रुवारी, मंगळवार
बटणं हे मापच चुकीचं होतं. स्वेटर धुऊन आटला असेल. पुढे दुसरं काहीतरी मोजायचं. चमचा धरण्याचा वेळ, कदाचित.
लोर्ना नाही म्हणाली. सरळ नाही. म्हणाली, व्हर्न, ठेव ते घड्याळ. सकाळी उठल्यापासून तू माझ्या हातांकडे बघतोस, माझ्याकडे बघतच नाहीस. मी म्हटलं, मी तुझ्यासाठीच करतोय ना! ती म्हणाली, नाही रे, तुझ्यासाठी करतोयस. ते करायला माझी ना नाही. पण मी दमते.
नंतर तीन चांगली उत्तरं सुचली, पण तेव्हा ती झोपली होती.
बोलताना तिचे शब्द लांबतात हल्ली. दातांच्या डॉक्टरकडे नेणे.

३ एप्रिल, गुरुवार
ट्वायलाबाईंचा फोन. प्रयोग बंद. मध्येच हिशेब करून बघितला, तर खरी गोळी घेणारे आणि खोटी घेणारे, दोन्ही गट सारख्याच वेगाने खालावतायत. गोळ्या थांबवा, म्हणाल्या. कुणाला कुठली होती ते महिन्याभरात कळवतील.
मी शांतपणे त्यांना सरासरी म्हणजे काय ते समजावलं. सरासरीने फरक नसला तरी एखाद्या माणसाला गुण येऊ शकतो. आणि लोर्नाला खोटी मिळत असेल तर प्रश्नच नाही, मग खरी तिने घेऊनच बघितलेली नाही! त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, मिस्टर टेस्डाल, तुमच्यासोबत घरी कुणी आहे का?
मी म्हटलं, लोर्ना आहे ना.
हॉस्पिटलला सात पानी पत्र लिहिलं, आलेखासकट. उरलेल्या गोळ्या तरी द्या म्हणून. टपालात टाकलं.
पेपर: जानेवारीपासूनचे पडलेत.

८ मे, गुरुवार. संध्याकाळी ६
आज पोरांची परीक्षा झाली. दारातून बाहेर येता येता मारिसेला म्हणाली, प्रयोगरचनेचा प्रश्न सोपा होता, तुम्ही दोनदा शिकवलंत ना.
घरी आलो तर फोन वाजत होता. ट्वायलाबाई. म्हणाल्या, तुमच्या मिसेस खऱ्या गोळीच्या गटात होत्या. पहिल्या दिवसापासून.
मी धावत खिडकीपाशी गेलो. लोर्ना तिथेच चाकाच्या खुर्चीत बसली होती. मी ओरडलो, सांगितलं होतं ना मी! खरीच होती!
ओरडलो आणि मग मला ते ऐकू आलं.
खरी होती. जवळजवळ सात महिने रोज दोन वेळा घेतली, एकही चुकली नाही. आता घेऊन बघायची राहिलेली अशी कुठलीच गोळी नाही.
लोर्ना माझ्या तोंडाकडे बघत होती. मला समजायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ ती थांबली. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, तू... हुशारच... आहेस. आणि हसायला लागली. या आजारात हसू सुरू झालं की आवरत नाही. मध्येच ते रडं होतं आणि दोन्हींत फरक कळत नाही. मी गुडघ्यांवर बसलो. तिचे हात हातात घेतले. त्यांत आता काहीच जोर नाही. हे मला ऑक्टोबरपासून माहीत होतं.
ती म्हणाली, व्हर्न, मला भीती वाटते.
मी म्हणालो, मलाही.
नंतर सूप गरम केलं. चमच्याने भरवलं. अर्धं सांडलं. पुन्हा गरम केलं.